सहा तासांचा झेंडा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. प्रत्यक्ष घालायला गेलो तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि तुमच्या घरात उठवायला एक माणूस आधीच आहे. वहिनी, हे पत्र तू दादाला मोठ्याने वाचून दाखवणार हे मी धरूनच चाललोय. कंसातला मजकूर गाळलास तरी चालेल. फक्त मधेच थांबून माझ्या अकलेबद्दल मत देऊ नकोस, पत्र लांब आहे.)

तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे, वहिनी रोज फोनवर सांगते. डावा हात उशीवर ठेवला की तिथेच राहतो, अर्धं जेवण ताटात राहतं, आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई दारात दिसल्या की तू भिंतीकडे तोंड करतोस. त्या बाई म्हणाल्या म्हणे, की हा महिना असाच गेला तर पाय उभं राहायचंच विसरतील, आणि मग त्यांना आठवण करून देणं कुणाच्याच हातात नाही. त्यावर तू काय केलंस, तर मला निरोप धाडलास. "बारक्याला सांग, माझ्या वेळी गाडी त्यानेच चालवायची. त्या धक्क्या ड्रायव्हरच्या हातात देऊ नका." झटका आल्यापासून तू बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य, असं वहिनी म्हणाली, आणि म्हणताना रडली. निरोप पोचला. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी माझी हकिगत ऐकून घे, कारण परवाच्या रविवारी मी मॅरेथॉन पळालो, आणि तेव्हापासून जिना उलटा उतरतो आहे.

तू हसलास की नाही ते मला इथून दिसत नाही. हसायला हवंस. ज्याने आयुष्यभर शववाहिका चालवली, ज्याची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली तर मालकाला तक्रार जाते, तो माणूस पळायला का गेला? तर मी पळायला गेलोच नव्हतो. तू दवाखान्यात होतास तेव्हा तुझ्या खोलीबाहेर मी येरझाऱ्या घालत होतो. तुला आठवायचं कारण नाही, तू तेव्हा कुणालाच ओळखत नव्हतास. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या आणि मला म्हणाल्या की बाहेर जाऊन काय ते फिरा. मला वाटलं चपला वाजतात म्हणून. पण समोरच्या खोलीतल्या पेशंटच्या मुलाने मला ओळखलं होतं. शववाहिकेचा ड्रायव्हर आपल्या वडिलांच्या दारासमोर सकाळपासून येरझाऱ्या घालतोय हे बघून त्या बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. (त्याचे वडील बरे होऊन घरी गेले. मी मुद्दाम चौकशी केली.) तेव्हा मी दवाखान्यामागच्या मैदानात गेलो आणि तिथे गोल गोल फिरायला लागलो. चालताना तुझा विचार यायचा. जरा जोरात चाललो तर कमी यायचा. पळालो तर दम लागायचा आणि विचाराला जागाच उरायची नाही. माझ्या पळण्याची सुरुवात ही अशी आहे, त्यात आरोग्याचा काही संबंध नाही.

त्याच मैदानात पळणाऱ्यांचं एक मंडळ भरायचं. त्यांचे गुरुजी गळ्यात शिट्टी घालून फिरतात, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. या शिट्टीसरांनी मला न विचारता माझ्यावर घड्याळ लावलं, आणि काही दिवसांनी येऊन सांगितलं की तुमची पहिली फेरी आणि शेवटची फेरी यांत काही फरकच नाही, हे कसं काय जमतं? मी म्हटलं, धंद्याची सवय. कसला धंदा? ड्रायव्हर. काय वाहता? मी म्हटलं, माणसं. लांब पल्ल्याची गाडी का? मी म्हटलं, पल्ला लांबचाच, पण मी फाटकापर्यंतच सोडतो. शिट्टीसर भले गृहस्थ आहेत, त्यांना वाटलं विमानतळ. त्यांनी माझं नाव तिथल्या तिथे मंडळात घातलं.

दर शनिवारी एका शाळेच्या वर्गात 'मनाची तयारी' नावाचा तास व्हायचा. आम्ही मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो आणि शिट्टीसर फळ्यावर वळणावळणाच्या रेघा काढायचे. पहिला धडा वेगाचा. सुरुवातीला अंगात जोर असतो, आजूबाजूला टाळ्या असतात, आणि माणूस सुटतो. पहिल्या टप्प्यात जेवढी घाई केली तेवढी शेवटच्या टप्प्यात दामदुपटीने भरावी लागते. हा धडा मला नवीन नव्हता, आपल्या गाडीमागे चालणारे भाचे-पुतणेही पहिल्या चौकापर्यंत असेच तरातरा चालतात. दुसरा धडा मनाचा. तीस किलोमीटरच्या आसपास शरीर हात वर करतं, पळणारे त्याला 'भिंत' म्हणतात. (तुझी भिंत पलंगाला लागूनच आहे, तुला तीस किलोमीटर जावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.) त्या भिंतीच्या पलीकडे जायचं तर सरांचा उपाय असा, की डोळे मिटा आणि शेवट डोळ्यांसमोर आणा. तिथे पोचल्यावर कसं वाटेल ते आत्ताच अनुभवा. सगळ्यांनी डोळे मिटले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. मीही मिटले, दादा, पण मला शेवट म्हटल्यावर जे दिसतं ते तुला माहीत आहे. फाटक, फाटकाशी उभा रखवालदार, आणि पावतीवर सही. मी डोळे उघडून बसलो. सरांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, गर्दी बरी होती.

म्हणून मनाची तयारी मी माझ्या पद्धतीने केली, म्हणजे तुझ्या पद्धतीने. मला पहिल्यांदा गाडी दिलीस तेव्हा मी काचेतून लांबच्या फाटकाकडे बघत होतो, कधी एकदा पोचतो असं झालं होतं, आणि तू बाजूला बसून माझ्या मांडीवर चापट मारलीस. फाटक कुठे पळून जात नाही, म्हणालास. आरशात बघ. सगळ्यात मागे कोण चालतंय ते शोध आणि त्याच्या पायांनी गाडी चालव. तुला आठवत असेल, मी विचारलं होतं की सगळ्यात मागचा माणूस थांबलाच तर? तू म्हणालास, मग आपल्यालाही काही घाई नाही, आणि गाडीत मागे निजलेल्यालाही नाही.

आता झेंड्याचं. मोठ्या शर्यतीत काही जणांच्या हातात झेंडा देतात आणि त्यावर वेळ लिहिलेली असते. चार तासांत पोचायचं असेल त्याने चार तासांच्या झेंड्यामागे पळावं, म्हणजे स्वतःचं घड्याळ बघायला नको. झेंडेवाल्याचं काम एकच, वेळ पाळणं. शिट्टीसरांनी सगळ्यात शेवटचा, सहा तासांचा झेंडा मला दिला. म्हणाले, तुमच्यासारखा एकसारखा पळणारा माणूस मी पाहिला नाही. मला फार बरं वाटलं. घरी येऊन झेंड्याची काठी टेबलावर ठेवली, तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि मग सायकलच्या दुकानात जाऊन एक गोल आरसा आणला आणि रबराने काठीला बांधला. तिथेच घोळ झाला. पण काठीला आरसा नाही म्हणजे मला उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

शर्यतीच्या सकाळी माझ्या झेंड्यामागे बऱ्यापैकी घोळका जमला. एक दातांचे डॉक्टर, दोन जावा, एक जाडजूड बेकरीवाल्या बाई, आणि इतर. जावा-जावांचं घरातल्या कशावरून तरी बोलणं बंद होतं. त्या माझ्या दोन बाजूंनी पळत होत्या आणि एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या. तिला सांगा, बुटाची नाडी सुटलीय. तिला सांगा, मला दिसतंय. डॉक्टर गोड माणूस, पळताना सगळ्यांच्या चौकश्या करणारा. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला त्यांनी माझी चौकशी केली, आणि मला खोटं बोलता येत नाही. दादा, ती बातमी माझ्या पाठीमागे कशी पसरत गेली ते मी आरशात पाहिलं. एकेक चेहरा दुसऱ्याच्या कानाशी वाकायचा आणि सरळ व्हायचा तेव्हा वेगळाच व्हायचा. पुढच्या वळणापर्यंत निम्मा घोळका अचानक तब्येतीत आला आणि साडेपाच तासांच्या झेंड्याकडे पळून गेला. माझ्याइतकी प्रेरणा त्या दिवशी कुणीच दिली नसेल. (सरांना हे अजून पटलेलं नाही.)

राहिले ते राहिले, आणि आमचं छान जमलं. पण एक गंमत व्हायला लागली. इतर झेंडे जायचे तेव्हा रस्त्याकडेची माणसं टाळ्या वाजवायची, थाळ्या बडवायची. आम्ही आलो की गप्प व्हायची. आम्ही इतके एकसारखे, इतके मुकाट जात होतो, की लोक आपोआप बाजूला सरत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी मला विनवलं की निदान हात तरी हलवा. मी हलवला. त्या गृहस्थांनी मान आणखी खाली घातली.

आमच्या मागून रुग्णवाहिका येत होती, ती शेवटच्या झेंड्यामागे असतेच. तिचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा निघाला. (असणारच. आमचं बरंचसं काम त्याच्याकडूनच पुढे येतं.) आरशात त्याची गाडी दिसायची, आणि तिच्यापुढे, अगदी तिच्या दिव्यांपुढे, बेकरीवाल्या बाई. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास त्यांची ती भिंत आली. गुडघ्याला हात लावून त्या चालायला लागल्या, मग थांबत थांबत चालायला लागल्या. मी काही ठरवलं नाही, दादा. मनात कसला विचारही आला नाही. माझा पाय आपोआप उचलला गेला, जसा गाडीत उचलला जातो. झेंडा हळू झाला, तशी माझ्यामागची माणसंही हळू झाली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी घड्याळ पुढे केलं आणि नम्रपणे विचारलं की हा वेग सहा तासांचा आहे का. मी म्हटलं, नाही. मग कशाचा आहे? मी म्हटलं, त्या बाईंचा. डॉक्टर चिडले आणि पुढे निघून गेले. (पुढे एका फुटपाथवर पोटरी धरून बसलेले सापडले. आम्ही त्यांना पुन्हा घोळक्यात घेतलं.) जावांपैकी धाकटीने मात्र मला न सांगता थोरलीला थेट विचारलं की तुला थांबायचंय का, आणि थोरली नाही म्हणाली. बेकरीवाल्या बाई हळूहळू आमच्यापर्यंत येऊन पोचल्या.

आता हे नीट ऐक, यासाठीच एवढं लिहिलं. बाई माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "मी याआधी तुमच्यामागे चालले आहे. माझ्या माणसाच्या वेळी. पाय चालत नव्हते, सगळे पुढे गेले होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं गाडी आत जाणार आणि मी रस्त्यातच राहणार. पण तुम्ही गाडी हळू केलीत. मी येईपर्यंत हळूच ठेवलीत." मी म्हटलं, बाई, ते आमचं कामच आहे. त्या म्हणाल्या, काम असेल, पण त्या दिवशी एवढी एकच गोष्ट माझ्यासाठी कुणी केली होती. नवरा गेल्यावर त्यांनी बेकरी एकटीने चालवली, आणि कधी जमणार नाही असं वाटलं की त्यांना ती गाडीची मागची काच आठवायची. मग म्हणाल्या, मिशा काढल्यात वाटतं. दादा, मला मिशा कधी होत्या? मी तेव्हा गाडी धूत होतो आणि फुलं बांधत होतो. ती गाडी तू चालवत होतास.

मी त्यांना सांगितलं की तो माझा थोरला भाऊ. त्यांनी विचारलं, कसे आहेत ते? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुःखात तोंड सरळ ठेवून उभा राहिलो, तेवढंच एक कसब माझ्याकडे आहे, पण तिथे भर रस्त्यात माझं तोंड सरळ राहिलं नाही. मी रडलो. झेंडा हातात, आरशात रुग्णवाहिका, दोन्ही बाजूंना जावा, आणि मी रडतोय. शेवटी मी म्हटलं, "मागे पडलाय. पण येतोय." आम्ही पुढे चालत राहिलो.

पोचलो तेव्हा शेवटच्या कमानीतली हवा काढलेली होती आणि दोन माणसं तिच्या घड्या घालत होती. आम्हाला बघून त्यांनी ती नुसती हातांनी वर धरली, आम्ही खालून वाकून गेलो. पदकांची खोकी गाडीत चढली होती. माझ्यामागचा एकही माणूस रस्त्यात राहिला नव्हता, आणि एकही वेळेत आला नव्हता. शिट्टीसर वाट बघत उभे होते. त्यांनी माझ्या हातातून झेंडा घेतला, आरसा सोडवून मला परत दिला, आणि म्हणाले, "तुमच्याकडे मी वेळ सोपवली होती. माणसं नव्हती सोपवली." त्यांचं बरोबर आहे. सहा तासांचा झेंडा बघून ज्यांनी हिशोब केला असेल त्यांना मी फसवलंच. पुढच्या वर्षी मला झेंडा मिळणार नाही, आणि मी मागणारही नाही. मी एवढंच सांगतो की मला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते तू शिकवलंस.

बाकी सर्व ठीक. गाडी सर्व्हिसिंगला गेली होती, आली. धक्क्याने परवा फाटकाशी असा ब्रेक मारला की मागची फुलं पुढे आली. मालकांचे तुला नमस्कार. वहिनीला नमस्कार. (वहिनी, घे.)

तुझा,
बारक्या

ता. क. तुझ्या निरोपाचं उत्तर: नाही. मी तुझी गाडी चालवणार नाही. मालकांना तसं सांगून ठेवलं आहे, घरच्या माणसाची गाडी घरच्याने चालवायची नाही असा नियमच करून घेतला आहे. म्हणजे तुझ्या वेळी धक्का येईल. तो आत रेडिओ लावतो आणि आरसा केस विंचरायला वापरतो. तेव्हा तू काय ते ठरव.

ता. क. २. येत्या रविवारी सकाळी मी येतो आहे. आरसा आणतो, काठीला वहिनीचा झाडू चालेल. पलंगापासून दारापर्यंत पुढे मी, मागे तू. मी वळून बघणार नाही आणि तुझी कुरकुर ऐकणार नाही, फक्त आरशात बघत जाईन. दार कुठे पळून जात नाही. एका दिवसात पलंगाच्या कडेपर्यंतच आलास तर तिथे थांबू. मला घाई नाही. व्यायामवाल्या बाईंनाही बोलावून घे, आणि भिंतीकडे तोंड करून पडणार असशील तर मी आरसा त्या भिंतीवर टांगीन.

ता. क. ३. (वहिनी, हे मोठ्याने वाचू नकोस, मनात वाच. मालकांना मी काहीही सांगितलेलं नाही, असा काही नियम नाही. दादाची गाडी मीच चालवीन, दुसऱ्या कुणाला किल्लीला हात लावू देणार नाही. पण हे त्याला अजिबात कळता कामा नये, मी नाही म्हटलंय यावरच आता आपली सगळी भिस्त आहे. मला फार भीती वाटते, वहिनी. मी पुढे निघेन आणि आरशात नुसता पलंगच दिसत राहील, अशी भीती वाटते. म्हणून रविवारी तू त्याच्या मागे उभी राहा. हात देऊ नकोस, पण जवळ राहा. आणि आत्ता तो विचारेल की एवढा वेळ गप्प बसून काय वाचतेस, तर सांग, बारक्याची छत्री आपल्याकडे राहिली का विचारतोय. मोठी, काळी. ती खरंच राहिली आहे, दाराच्या मागे बघ.)